आईच्या डोळ्यापासून तुमची ती हिरवी कॅप्सूल लांब ठेवा!

आईचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमचं अख्खं खानदान रातोरात डोळ्यांचं डॉक्टर झालं. जो भेटायला येतो तो शहाळ्यासोबत हाच सल्ला घेऊन येतो. "व्हिटॅमिन ईची ती हिरवी कॅप्सूल चालू कर, चारशे मिलिग्रॅमची. व्रण राहणार नाही बघ." अहो, व्रण म्हणजे काय सिझेरियनचा टाका आहे का?

आईचं झालं ते ऑपरेशन म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी. त्यात डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून वरच्या पापणीआड एक बारीक वाट करून देतात. ती उघडी राहायला हवी आणि शरीर मात्र इमानेइतबारे व्रण धरून ती बुजवायच्या मागे लागतं. बुजली की डोळ्यातलं प्रेशर पुन्हा वर. म्हणून तर ऑपरेशनच्या वेळीच मायटोमायसिन हे व्रण धरू न देणारं औषध लावतात, नंतर स्टिरॉइडचे थेंब देतात. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही हो, इथे गंमत चाललेली नाही!

व्हिटॅमिन ईवर संशोधन झालंय, नाही कोण म्हणतंय? प्रयोगशाळेतल्या बशीत व्रण करणाऱ्या पेशींची वाढ त्याने मंदावते. सशांवरही प्रयोग झालेत. पण माझी आई ना बशीत आहे, ना ससा आहे. शिवाय ती रक्त पातळ करायची गोळी घेते, आणि त्यावर ईचा मोठा डोस म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. हे मेडिकलवाल्याने विचारायला नको? त्याने सरळ पट्टी कापून पुढे सरकवली.

मावशीने तर कहर केला. टाचणीने कॅप्सूल फोडून तेल पापणीच्या आत सोडायला निघाली होती! "अगं, नैसर्गिकच असतं ते." ताजं ऑपरेशन, आणि त्यात टाचणीचं तेल! आत इन्फेक्शन झालं तर डोळाच जाईल. टाचणी हिसकावून घेतली म्हणून आता मी उद्धट.

डॉक्टरांचाही राग येतोच. ही वाट का बुजते हे दोन मिनिटं बसून घरच्यांना सांगितलं असतं, तर एवढं रामायण झालं नसतं.

खरं काम काय, तर दर दोन तासांनी थेंब. बाटली हलवायची, थेंब घालायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरी बाटली. मला ऑफिस असतं, म्हणून मावशीला म्हटलं, दुपारचे थेंब घालशील का? "बघते गं, कळवते." कळवलं काहीच नाही. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ मात्र आला, व्हिटॅमिन ईचे चमत्कारिक फायदे!