कुट्टी माळ्यावर पडत नाही म्हणून पुली वाढवणाऱ्यांनो

खानापूर असो, निपाणी असो नाहीतर अथणी. ब्लोअरवाल्या, म्हणजे कापलेला चारा पंख्यानं पाइपातनं वर फेकणाऱ्या कडबाकुट्टीतनं चारा माळ्यावर जाईना झाला की सल्ला एकच, मराठीत मिळो नाहीतर कन्नडमध्ये: "मोटारीला मोठी पुली घाला की ओ!" पाती बघायची नाहीत, पट्टा दाबून बघायचा नाही, पंख्याचं झाकण उघडायचं नाही. सरळ 4 इंची काढायची, 6 इंची ठोकायची. मग मोटार जळाली की शिव्या वीज कंपनीला.

अहो, हिशेब तरी करा! मोटारीचे मिनिटाला 1440 फेरे. तिच्यावर 4 इंची पुली, कुट्टीच्या चाकावर 10 इंची, म्हणजे चाक 576 फेरे फिरतं. तेही कागदावर, व्ही पट्टा खाचेत थोडा आत बसतो, त्यामुळं प्रत्यक्षात वीसेक फेरे कमीच. पंखा याच चाकावर असतो. चाक दोन फुटी असेल तर पंख्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 17-18 मीटर. या वेगानं सरळ वर उडवलेली वस्तू, हवा आडवी आली नसती तर, 50 फूट गेली असती. चारा हलका असतो, पाइपला घासतो, सगळं मान्य. पण माळा आहे 12 फुटांवर! तिथंपर्यंतसुद्धा पोचेना तर वेग कमी नाही, तो कुठंतरी वाया जातोय.

आणि 6 इंचीनं काय होतं? वेग दीडपट. ओढणारे रोलर त्याच शाफ्टवरनं गिअरनं फिरतात, म्हणून तुकडा तेवढाच राहतो पण चारा दीडपट आत येतो. कापायचा भार दीडपट, आणि फेकायचा? दीड गुणिले दीड गुणिले दीड, सव्वातीनपटीच्या वर! 3 एचपीच्या मोटारीनं तो कुठनं आणायचा? त्यात संध्याकाळी 415 च्या जागी 340 व्होल्ट आले की मोटारीची ओढ दोन तृतीयांशावर येते. भार वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले बिचारा पडून पडून सांगतो, तर हे शहाणे त्याचीच कळ पुढं सरकवतात. मग वाइंडिंगचा वास गोठाभर.

फेरे मोजायचा टॅकोमीटर आणा, नसेल तर मोटार रिवाइंड करणाऱ्याकडनं तासाभरासाठी मागून घ्या. चारा घालत असताना दोन्ही पुल्यांचे फेरे मोजा. मोटार 1400 च्या खाली बसली तर भार जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. मोटार ठीक, पण चाक 555 वरनं 480 वर, तर पट्टा घसरतोय. तिथं मोठी पुली घालून काय दिवे लावणार?

पट्टा का घसरतो, हेही बघा. बी खाचेत ए पट्टा घातलेला असतो! ए आणि बी ही व्ही पट्ट्याची मापं, ए ची रुंदी 13 मिलिमीटर, बी ची 17. बारका पट्टा खाचेच्या तळाला टेकतो, पकड राहतच नाही. पट्टा काढा, खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर हेच झालंय. उलट बाजूनं, बी पट्ट्याला 5 इंचांखालची पुली घातली की तो वाकून वाकून तडकतो. छोटी पुली हवी तर ए चे दोन पट्टे घाला, आणि बदलताना जोडीनंच बदला. दोन पुल्यांमधला मोकळा पट्टा 40 सेंटिमीटर असेल तर अंगठ्यानं दाबल्यावर 6-7 मिलिमीटर दबावा. तोंडाला दोरी लावून पुल्या एका रेषेत आहेत का ते बघा. राळ चोळू नका.

आता पंखा. मेन स्विच काढून झाकण उघडा. पंख्याची पाती झिजून केसिंगपासनं बोटभर लांब गेलेली असतात. त्या फटीतनं चारा आणि वारा मागं फिरतो. फट 2-3 मिलिमीटरवर आणा. पट्टी बोल्टनं जोडणार असाल तर समोरच्या पात्यालाही तेवढ्याच वजनाची जोडा, नाहीतर चाक थरथरून बेअरिंग खाईल. कापायची पाती धार लावून अशी बसवा की हातानं चाक फिरवल्यावर कागद कापला गेला पाहिजे. बोथट पात्यानं उसाचं वाढं चिरडतं, दोरे लोंबतात, पाइप तुंबतो. आणि पाइपला तो काटकोनी एल्बो कुणी सांगितला होता? ओला मका तिथंच चिकटणार.

एवढं करूनही कमी पडलं तरच पुलीला हात लावा, तीही 4 ची साडेचार. वेग साडेबारा टक्के वाढतो, फेकायचा भार 42 टक्के. चारा घालत असताना क्लॅम्पमीटर, म्हणजे वायरीला अडकवून अँपिअर मोजायचा मीटर, लावा. मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरच्या पुढं काटा गेला तर जुनी पुली परत. चाक ओतीव बिडाचं असेल आणि कुठंही चीर दिसली तर तेवढाही वेग वाढवायचा नाही.

पुली बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून घ्या, पण शाफ्ट व्हर्निअरनं मोजून न्या. 3 एचपीच्या 100 फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे मोटारीच्या सांगाड्याचं माप) मोटारीला 28 मिलिमीटर शाफ्ट आणि 8 मिलिमीटरची चावी, म्हणजे पुली शाफ्टला अडकवणारी पट्टी, असते. भोक सैल झालं म्हणून डब्याचा पत्रा गुंडाळून बसवणारे महाभाग आहेत! चावीचा गाळा फाटतो, पुली डुगडुगते, पट्टा उडतो. आणि उडालेला पट्टा कुणाच्या तोंडावर बसतो? पुढं उभं राहून चारा घालणाऱ्या बाईच्या. कारण मोठी पुली मावली नाही म्हणून पट्ट्यावरची जाळी काढून भिंतीला टेकवलेली असते, तिच्यावर कोंबड्या बसलेल्या. जाळी मावत नसेल तर जाळी मोठी करून घ्या ओ, दीडशे ग्रॅम वेल्डिंग रॉडचं काम आहे ते!