वाकड्या सुरीचा पाहणी अहवाल

भाऊबीजेला बहिणीने ओवाळले, मी ताटात पाकीट ठेवले आणि तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने पिशवीतून एक लांबट खोका काढून माझ्या हातात दिला. ओवाळणी घालणाऱ्यालाच उलट भेट मिळण्याचा प्रसंग आमच्या घराण्यात पहिलाच असल्यामुळे मी भारावून जाण्याच्या बेतात होतो; परंतु खोका उघडून आतली वस्तू पाहिली आणि भारावणे बाजूला ठेवून मी पाटासकट थोडा मागे सरकलो. ती सुरी असावी असा माझा तर्क होता. पाते नखासारखे आत वळलेले, धार त्या वळणाच्या आतल्या अंगाला, टोक माझ्याकडेच रोखलेले, आणि मुठीच्या शेवटी, जिथे कोणत्याही सभ्य सुरीला काहीच नसते तिथे, बोट घालण्यासाठी पोलादी कडी. शेजारी बसलेल्या आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि विचारले, “हाई काय शे रे नाना?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझा पुढचा दीड महिना गेला.

भाच्याने दिलेल्या माहितीप्रमाणे या प्रकाराला करांबित म्हणतात, तो मूळचा इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरचा आहे आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या अवजारापासून तो निघाला असे मानतात. पाते मिटणारे नाही, पोलादाची एकच पट्टी टोकापासून कडीपर्यंत अखंड गेलेली आहे आणि मुठीच्या दोन फळ्या तिच्यावर दोन्हीकडून रिबिटांनी बसवलेल्या आहेत, हेही त्याने अभिमानाने दाखवले. “मामा, दिसायला तर भारीच आहे, पण प्रॅक्टिकल आहे का, ते तुम्ही महिनाभर वापरून सांगा,” असे म्हणून तो मोकळा झाला. मी एका बँकेत तीस वर्षे शेतीकर्जाच्या पाहणीचे काम केले असून बैलजोडीपासून पाणबुडी मोटारीपर्यंत असंख्य वस्तूंना ‘उपयुक्त’ किंवा ‘अनुपयुक्त’ असा शेरा मारलेला आहे, हे त्याला ठाऊक होते. निवृत्तीनंतर असा शेरा मला कोणी मागितला नव्हता, त्यामुळे मी चटकन हो म्हणालो. धारेची वस्तू फुकट घेऊ नये म्हणून आईने मला भाच्याच्या हातावर एक रुपया ठेवायला लावला. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ती सुरी मी विकत घेतली होती आणि तक्रारीला जागा उरली नव्हती.

पहिली शंका कायद्याची आली. समोरच्या घरातील काकांनी खिडकीतून ती वस्तू पाहिली आणि 2024 साली लंडनहून साताऱ्याला आलेल्या वाघनखांची आठवण काढून, हे घरात ठेवणे बरे का, असे त्यांनी मला दोनदा विचारले. शस्त्रांच्या नियमांत पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असलेल्या धारदार हत्यारांची गणना केलेली आहे आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. मी शिंप्याची फीत आणून पाते मोजले. वळणाला धरून साडेतीन इंच भरले. काकांचे समाधान झाले. माझी मात्र नवी पंचाईत झाली, कारण ही वस्तू घरगुती किंवा शेतीच्या कामाची आहे हे आता मलाच सिद्ध करून दाखवायचे होते.

स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. कांदा चिरायला लाकडी फळी घेतली आणि पहिल्याच प्रयत्नात ध्यानात आले की आत वळलेल्या पात्याचे फक्त टोक फळीला टेकते. बाकीची सगळी धार कमानीसारखी वर अधांतरी राहते. साध्या सुरीचे पोट बाहेर फुगलेले असते म्हणून ती फळीवर मागेपुढे डोलवता येते. हिला पोटच नाही, जो काही आहे तो खळगा. त्यामुळे कांद्याची प्रत्येक चकती तळाशी जोडलेलीच राहिली आणि उचलली तेव्हा अख्खा कांदा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उलगडत लोंबू लागला. गाजराने वेगळाच अनुभव दिला. पाते पाठीकडे पाच मिलिमीटर जाड असल्यामुळे ते गाजरात पाचरीसारखे शिरले, अर्ध्यातच कडकन आवाज झाला आणि चिरण्याआधीच फुटलेला तो अर्धा तुकडा फ्रिजखाली गेला. तो अजून तिथेच आहे.

हे सगळे चालू असताना आमच्या घरातून जमिनीवर पावशी घेऊन मेथी चिरत होत्या. बाकीचा महाराष्ट्र जिला विळी म्हणतो ती आमच्याकडे पावशी. मी त्या दिवशी पावशीकडे पहिल्यांदाच पाहणी अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले आणि चकित झालो. तिचेही पाते वाकडे, तेही मिटत नाही, आणि मूठ तर तिला मुळातच नाही. मुठीच्या जागी पाट आहे आणि पाटावर माणसाचा पाय आहे, त्यामुळे दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. पाते जागचे हलत नाही, भाजीच त्याच्याकडे चालत जाते. सुमात्राच्या सुरीइतकीच विचित्र अशी ही वस्तू जन्मभर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती प्रॅक्टिकल आहे का, हे तिला कोणी विचारले नव्हते. हा विचार मी पत्नीला बोलून दाखवला. “अहो, विचार नंतर करा. आधी तेवढी जुडी निवडून द्या,” असे त्या म्हणाल्या.

कडीचा प्रसंग चौथ्या दिवशी घडला. भाच्याने पाठवलेल्या चित्रफितीतला तरुण सुरी उलटी धरून, तर्जनी कडीत घालून, ती भिंगरीसारखी फिरवत होता. फिरवण्याचा मोह मी टाळला. म्यान पात्यावर चढवूनच मी फक्त बोट आत घातले. कडी सुमात्राच्या किंवा फार तर पुण्याच्या बोटाच्या मापाची होती. बोट सांध्याच्या पलीकडे गेले आणि परत येण्यास त्याने नकार दिला. साबण लावला, खोबरेल तेल लावले, हात वर धरून दहा मिनिटे उभा राहिलो. पण ओढाताणीने सांधा सुजला आणि कडी अधिकच घट्ट झाली. अशा वेळी दारावरची घंटा वाजणारच. सिलिंडरवाल्याला मी डाव्या हाताने पैसे दिले. उजवा हात मी पाठीमागे लपवला होता, तरीही तो पायरीपर्यंत माझ्याकडे तोंड करून उलटा चालत गेला.

जळगावला सोन्याचे गाव म्हणतात त्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा थेट लाभ झाला. पत्नीने माझा हात सुरीसकट टॉवेलमध्ये गुंडाळला, मला स्कूटीवर मागे बसवले आणि आम्ही सराफ बाजाराकडे निघालो. सिग्नलवर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने टॉवेलकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली. मी मनातल्या मनात नऊ इंच, दोन इंच, घरगुती व शेतीचे काम असा जप करत होतो.

ज्यांच्याकडे आमच्या लग्नातले दागिने झाले ते सराफ वृद्ध आणि मितभाषी आहेत. त्यांनी टॉवेल उघडला, सुरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता गल्ल्यातून रेशमी दोरा काढला. दोऱ्याचे एक टोक त्यांनी चिमट्याने कडीखालून तळहाताच्या बाजूला सरकवले आणि उरलेला दोरा कडीपासून नखाकडे, वेढ्याला वेढा लावून, सुजलेल्या सांध्यावर करकचून गुंडाळला. बोट जांभळे पण बारीक झाले. मग त्यांनी तळहाताकडचे टोक धरून दोरा उलटा उसवायला सुरुवात केली. प्रत्येक वेढा सुटताना कडी एकेक सूत पुढे सरकत होती, आणि शेवटचा वेढा सुटला तशी सुरी टणकन काचेच्या पेटीवर पडली. आतापर्यंत अंगठ्या पुष्कळ काढल्या, असे सराफ दोरा गुंडाळून ठेवत म्हणाले, पण खडा एवढा मोठा कोणाचाच नव्हता. पैसे त्यांनी घेतले नाहीत. तेवढ्या वेळात पत्नीने कानातल्यांचे दोन नमुने पाहून ठेवले होते, त्यामुळे कडी काढण्याचा एकूण खर्च किती झाला हे मी अहवालात नमूद केलेले नाही.

उरली शेती. आमची केळी चोपडा तालुक्यात आहे आणि ती धाकटा भाऊ पाहतो. त्याने सुरी हातात घेतली, बोट कडीत न घालता मूठ धरली आणि केळीच्या बुंध्याला लोंबणारे वाळके पान आकड्यात धरून खाली ओढले. पान एका झटक्यात तुटून आले. दुसरे, तिसरे, चौथेही तसेच आले. आत वळलेल्या धारेचे मर्म इथे उघड झाले: जी वस्तू पुढे ढकलली की निसटते आणि अंगाकडे ओढली की सापडते, तिच्यासाठी ही धार असते. विळ्याचेही तत्त्व तेच. भावाने मान डोलावली. मात्र वरची पाने हाताला लागेनात, आणि त्यासाठी बांबूला विळा बांधलेला असतोच, असे तो सहज म्हणाला. घडाच्या दांड्याला त्याने ती लावलीसुद्धा नाही. दांड्याच्या जाडीकडे एकदा आणि साडेतीन इंचांकडे एकदा पाहून तो कोयता आणायला गेला.

त्यानंतर ठिबकच्या नळीचा प्रयोग झाला आणि तो जवळजवळ यशस्वी झाला. आमच्या केळीत प्रत्येक ओळीला दोन नळ्या आहेत, सोळा मिलिमीटरच्या. त्यांपैकी एक फुटकी नळी कापून तिथे जोड टाकायचा होता. भावाने पाचोळ्यात हात घालून आकडा अडकवला आणि झटका दिला. नळी सफाईने कापली गेली आणि त्याच क्षणी माझ्या चष्म्यावर पाण्याची चिळकांडी आली, कारण पाचोळ्याखाली शेजारीच असलेली दुसरी, धडधाकट आणि पाणी चालू असलेली नळीही आकड्याने तितक्याच सफाईने आत ओढून घेतली होती. सरळ सुरी जे दाखवाल ते कापते. वाकडी सुरी आसपासचे सगळे गोळा करून कापते. पाहणीच्या कामात मला असे काही सहकारी लाभले होते, पण तो विषय वेगळा.

जोड टाकताना भावाने जमिनीत रुतलेली तारेची खुंटी सुरीच्या टोकाने उचकटण्याचा प्रयत्न केला आणि टोकाजवळ तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. मी भाच्याला फोन केला. पोलाद डी-टू जातीचे आहे, असे त्याने सांगितले: कार्बन सुमारे दीड टक्का, क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास, कठीणपणा रॉकवेल मापावर साठ, धार खूप टिकते, पण आडवा जोर सहन होत नाही. हे सगळे मी गावातल्या लोहाराला जसेच्या तसे सांगितले. तो ट्रकच्या कमानपाट्याचे विळे करतो. त्याने कानस घेतली आणि पात्यावर फिरवली, तर कानस काचेवरून घसरावी तशी किंचाळत घसरली. दगडावर लावावे तर दगड सपाट आणि धार खळग्यात. सहाणेच्या चाकावर लावावे तर चाक आतल्या वळणात शिरेना. “साहेब, इळा मऊ लागतो,” तो म्हणाला. “मऊ असला तर वाकंल, पण तुटनार नाही, आन् बांधावर बसून दगडानं लावता येतो. याला पाणी लई कडक देल्हं.” तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका शेरा मी एकदाही लिहिला नव्हता. त्याने काठीला पॉलिशचा कागद गुंडाळून अर्धा तास घासले, टवका तसाच राहिला आणि त्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले.

डिसेंबरात मळ्यात भरिताचा बेत ठरला. बहीण आणि भाचा पुण्याहून येऊ शकले नाहीत, म्हणून व्हिडिओ कॉलवर हजर राहिले, आणि अहवाल त्याच वेळी सादर करावा असे ठरले. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ती हिरवी, पांढुरक्या रेघांची थोराड वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजत होती, बडगी, म्हणजे भरीत ठेचायचे लाकडी भांडे, धुऊन तयार होती, कांद्याची पात चिरली जात होती (पावशीवर), आणि मी फोनसमोर खुर्ची टाकून वाचत होतो: फळीवर चिरणे, अनुपयुक्त, वाळकी पाने, हात पोहोचेल तिथपर्यंत उपयुक्त, ठिबकची नळी, अति उपयुक्त, धार लावणे, खान्देशात अशक्य. भाचा गंभीरपणे ऐकत होता. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तो ओरडला, “मामा, आजी काय करते आहे?”

मी वळून पाहिले. आई जाळापाशी उकिडवी बसली होती. तिने कडीत पदराचा बोळा घालून सुरी धरली होती आणि वाकडे टोक भाजलेल्या वांग्याच्या देठात अडकवून, साल न फाटू देता, अख्खे वांगे निखाऱ्यांतून अलगद उचलून परातीत ठेवत होती. दरवर्षी याच कामात चिमटा वांगी फोडतो आणि अर्धा गर राखेत जातो. परातीत नऊ वांगी झाली होती आणि एकही फुटले नव्हते.

“आजी, निखाऱ्यात नको! त्याचं पाणी उतरेल!” भाचा फोनमधून कळवळून म्हणाला.

“उतरू दे,” आई म्हणाली आणि तिने दहाव्या वांग्याच्या देठात आकडा घातला.