खुलासा : उन्हाळ्यात गिटारच्या तारा सैल करू नका

'जळगाव-भुसावळच्या उन्हात इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सैल करून ठेवा, नाहीतर नेक (गिटारची लांब दांडी) वाकते' असा मेसेज खान्देशातल्या वादकांमध्ये फिरतोय. कृपया तसं करू नका. १०-४६ गेजच्या (०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या) सहा तारा मिळून नेकवर साधारण ४५ किलोचा ताण देतात, आणि आतला ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) त्याच ताणाला तोलून धरतो. तारा पूर्ण सैल केल्या की नेक उलटी झुकते, सगळा सेटअप (तारांची उंची आणि सुरांची जुळणी) हलतो. माझ्या सातही गिटार मी सुरात लावूनच ठेवतो.

खरा त्रास कोरड्या हवेचा. वैशाखात फ्रेटबोर्डचं (नेकवर बोटं दाबायच्या फळीचं) लाकूड आकसतं, फ्रेटची (त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचू लागतात. त्यामुळे गिटार केसमध्ये ठेवा, आत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तर मुळीच नको.