नकाराची रेषा कोण आखतो?

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना गेल्या महिन्यात रेशन दुकानातून दोनदा रिकामी पिशवी घेऊन परतावे लागले. "ताई, मशीन थंबच घेऊन नाही राहिली," एवढेच त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षे साबण आणि तारेच्या घासणीने झिजलेल्या त्यांच्या बोटांवर, ठसा आधारच्या नोंदीशी ताडणाऱ्या दुकानातील ई-पॉस यंत्राला रेषा सापडत नव्हत्या. तिसऱ्या खेपेस दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी बोट तेल लावलेल्या केसांवर घासले, तेव्हा कुठे गहू-तांदूळ मिळाले.

याला 'तांत्रिक अडचण' म्हणणे मला मान्य नाही. ठसे जुळवणारी प्रणाली मुळात होय किंवा नाही असे सांगत नाही. ती दोन ठशांतील साम्याला गुण देते आणि किती गुणांपुढे माणूस खरा मानायचा, ती रेषा प्रणाली घडवणारी माणसे आखतात. रेषा वर नेली तर तोतया आत शिरण्याची शक्यता घटते, पण खरी माणसे अधिक संख्येने बाहेर राहतात; खाली आणली की उलटे होते. दरमहा माणशी पाच किलो धान्य भलत्याच्या हाती पडणे अधिक वाईट, की हक्काच्या माणसाची चूल थंड राहणे, या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यात आधीच दिलेले असते, आणि ते देताना मावशींना कोणी विचारलेले नसते.

बोगस शिधापत्रिकांवर धान्य लाटले जात होते हे मी नाकारत नाही. यंत्र आले त्याला कारण होते. परंतु अमेरिकेत तंत्रज्ञानाच्या आराखड्यातील मूल्यांच्या अभ्यासक बात्या फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून हेच मांडत आले आहेत की मूल्यांचा विचार आराखड्यापासूनच व्हावा, आणि तो करताना यंत्र हाताळणाऱ्यांइतकेच त्याला कधी हातही न लावणारे, पण त्याची झळ सोसणारे लोकही मोजावेत. मावशींची नातवंडे ही अशीच. २०२१ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे 'आयईईई ७०००' हे अभियांत्रिकी मानकही याच विचाराने आले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात चार विरुद्ध एक असे मत पडले, त्यातील न्या. चंद्रचूड यांचे भिन्नमत ठसे न जुळल्याने वंचित राहणाऱ्यांविषयी काय म्हणते, ते संगणक अभियंत्यांनी अवश्य वाचावे. (वकिलांनी वाचलेलेच असेल, निदान तशी आशा आहे.)

नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कमधील वातानुकूलित खोलीत, कळफलकावर चालणाऱ्या मऊ बोटांवर चाचणी घेऊन यंत्र उत्तीर्ण करणे सोपे आहे. ती चाचणी कामठीच्या विडी कामगारांवर, गवंड्यांवर, मे महिन्याच्या उन्हात रांगेत घामेजलेल्या हातांवर व्हायला हवी, आणि ठसा नाकारला गेल्यास त्याच क्षणी, त्याच खिडकीवर दुसरी वाट उघडणे हा आराखड्याचाच भाग असायला हवा. दुकानदाराच्या मर्जीचा नव्हे.

मावशींच्या त्या खेपांपायी दोन दिवस काम बुडाले. आमच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर ते दोन खाडे मीच मांडले होते.