जातेस तर जा, पण परत कशाला येतेस?

आज कॉलेजात सत्कार होता. आमच्या इतिहास विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मुलीला अमेरिकेत जाऊन संशोधन करायची फुलब्राइट-नेहरू फेलोशिप मिळालीय. मुलगी म्हणतेय खरी, पण बाई तिशी ओलांडलेली आहे, पीएचडीचं काम बरंच पुढं गेलंय आणि शेकडो पोरं तिच्या हाताखालून बाहेर पडलीत. आमच्याकडे कायम झाल्याशिवाय कुणी 'मॅडम' होत नाही. तोवर 'ती सीएचबीवाली (म्हणजे तासांवरची) मुलगी'.

शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाले. मग संस्थेचे एक पदाधिकारी बोलायला उठले. पाचेक मिनिटं स्वतःच्या थायलंड सहलीबद्दल बोलून झाल्यावर तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, जाताय तर जा. पण नऊ महिन्यांनी परत कशाला येताय? तिकडंच काहीतरी जमवा, म्हणजे आम्हालाही उतरायला एक घर होईल."

हॉल हसला. स्टाफ हसला. तीही हसली, करणार काय बिचारी. मी घरी आले, चहा केला, तो तसाच गार झाला, आणि आता हे लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी नेहमीसारखं न वाचता लाइक करून पुढं जावं.

आधी माहिती. ही फेलोशिप अमेरिकेत शिरायचं तिकीट नाही. तिच्या व्हिसावर अटच असते की मुदत संपली की मायदेशी यायचं आणि दोन वर्षं तिथं राहिल्याशिवाय नोकरीचा एच-वन-बी व्हिसा नाही की कायम राहायचं ग्रीन कार्ड नाही. म्हणजे साहेबांचा विनोद नियमातसुद्धा बसत नाही. हे मी कार्यक्रमानंतर स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी काय म्हणाले? "अरेरे, मग काय उपयोग?"

काय उपयोग. बरं. सांगते.

मी सातवी-आठवीत असताना, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या पुण्यातल्या घरी एक अमेरिकन मुलगी राहायला आली होती. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या काही कॉलेजांचा एक कार्यक्रम तेव्हा पुण्यात चालायचा. तिथली पोरंपोरी पुणेकरांच्या घरी राहायची, मराठी शिकायची, वर्गात बसायची. आमची ही आयोवातली होती. ऐन गणपतीच्या दिवसांत आली आणि आजीला काही तिचं नाव म्हणता येईना, म्हणून आजीनं तिला गौरी करून टाकलं. ती जाईपर्यंत गौरीच राहिली. आम्ही पोरं तिच्या मराठीला हसायचो. ती 'मी आलो' म्हणायची, आजी 'आले गं आले' म्हणून दुरुस्त करायची आणि मग दोघी तांदूळ निवडत बसायच्या. गौरीच्या मांडीवर वही, आजीच्या मांडीवर सूप.

त्या वहीमुळे आम्हाला काय कळलं माहितेय? आमची आजी चौथीच्या परीक्षेत केंद्रात पहिली आली होती. मग तिची शाळा बंद केली, कारण पुढची शाळा गावाबाहेर. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनासुद्धा नाही! गौरीनं जेवताना आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं. आजीला कुणी कधी विचारलंच नव्हतं. आयोवाहून एक वीस वर्षांची पोर यावी लागली 'तुम्ही किती शिकलात' एवढं विचारायला.

हा उपयोग. अजून हवाय?

या फेलोशिपची मूळ गोष्टच मजेशीर आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचं सामान जगभर पडून होतं. जीपा, यंत्रं, काय काय. विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. तेव्हा आर्कान्सासचे सिनेटर फुलब्राइट म्हणाले, डॉलर नकोत, तुमच्याच चलनात द्या आणि त्या पैशातून एकमेकांची माणसं शिकायला पाठवू. ते स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन आलेले. ऑगस्ट १९४६ मध्ये ट्रुमननी त्या कायद्यावर सही केली. आपला करार २ फेब्रुवारी १९५०चा, म्हणजे प्रजासत्ताक होऊन आठवडा झाला होता आपल्याला. सही खुद्द नेहरूंची. इकडे देशात खायला धान्य नव्हतं, आणि या माणसाला शिष्यवृत्त्यांची पडलेली. मला तर हे वाचून दरवेळी बरं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये चुकून आहात.

धान्यावरून आठवलं. अमेरिकेकडून रुपयांत मिळालेला पीएल ४८०चा गहू आणि रेशनवरचा तो लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) आमच्या आईच्या पिढीला पक्का लक्षात आहे, नाक मुरडूनच बोलतात सगळ्या. पण त्या गव्हाचे आपण जे रुपये दिले त्यातला थोडा भाग १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकन विद्यापीठांत पाठवायला वापरला गेला. शिकागोसारख्या ठिकाणी जी मराठी पुस्तकं कपाटांत आहेत त्यांतली कितीतरी अशी गेलेली. आपल्याकडच्या तालुक्याच्या वाचनालयात ती पुस्तकं वाळवीनं खाल्ली, तिकडे ती शिल्लक आहेत. यावर हसावं की रडावं तुम्हीच ठरवा.

आणि 'अमेरिकेच्या पैशानं फुकटची ट्रिप' असं ज्या काकांनी मागच्या रांगेत म्हटलं (मला ऐकू आलं), त्यांच्यासाठी: २००८च्या नव्या करारापासून या फेलोशिपला भारत सरकारही बरोबरीनं पैसे देतं. नावात नेहरू त्यामुळेच आले. म्हणजे तुमच्या-माझ्या करातून ती पोरगी जातेय, आणि मला त्याचा आनंद आहे. पुतळ्यांपेक्षा बरं.

आता गौरीची दुसरी गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही.

आमच्याकडे धुणंभांड्याला मावशी यायच्या. त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मोरीजवळच्या खिडकीत ठेवलेला. आम्हाला तो दिसायचाही नाही, इतका सवयीचा. गौरीनं एक दिवस आजीला विचारलं, हा कप इथं का? आजी गप्प. आई गप्प. बाबा मात्र पेपर बाजूला ठेवून इंग्रजीत तडकले की तुमच्याकडे काळ्या माणसांना बसमध्ये मागं बसवत होता, तुम्ही आम्हाला काय विचारता? मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, हो, आमच्या गावात तर काळ्या माणसाला घर भाड्यानं मिळायचं नाही, आणि ते न देणाऱ्यांत माझे आजोबाही होते. इतकंच. बाबांना पुढं बोलता येईना. त्या वयात मला वाटलं होतं की बाबा जिंकले. मग वाटलं ती जिंकली. आता वाटतं, त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या घराबद्दल खरं बोललं होतं.

लगेच कप बदलला असं नाही हं. उगाच सिनेमा नको. पुढं दोनेक वर्षं गेली, आणि बदलला तो आईनं.

तर हे. कुठल्या दूतावासाच्या भाषणानं आमच्या घरात एवढं झालं नसतं.

मला माहितेय, डावीकडचे मित्र आता लिहिणार, "मॅडम, हे सगळं अमेरिकेचं प्रभावाचं राजकारण आहे, शीतयुद्धातून आलेलं." हो, आहे. मान्य. सरकारं धर्मादाय करत नाहीत. पण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट साठच्या दशकात पहिल्यांदा भारतात आल्या त्या फुलब्राइटवर, इंग्रजी शिकवायला. पुढं बर्कलीतून पीएचडी केली ती महात्मा फुल्यांच्या आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासावर. मग सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, दुष्काळी भागातल्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरल्या, २०२१ साली तिथंच वारल्या. कुठला प्रभाव कुणावर पडला, सांगा बघू. (त्या परत गेल्या नाहीत हे माझ्या मुद्द्याच्या उलट जातं, कळतंय मला. असू दे.) आणि अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट? त्या परत गेल्या. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या. आपल्या विद्यापीठांत आंबेडकर म्हणजे १४ एप्रिलचा हार एवढंच होतं, त्या काळात त्यांनी डॉक्टरेट केली ती बाबासाहेब आणि महार चळवळ या विषयावर.

आमची गौरी कुणी विदुषी झाली नाही. आयोवातल्याच एका छोट्या गावात शाळामास्तरीण झाली. आजी गेल्यावर बाबांनी तिला पत्र घातलं होतं. उत्तर आलं त्यात लिहिलं होतं की मी दरवर्षी पोरांना आशिया शिकवताना नकाशाआधी तुमच्या आजींबद्दल सांगते. म्हणजे मक्याच्या शेतात वाढलेली शेकडो पोरं चौथीत केंद्रात पहिल्या आलेल्या आमच्या आजीला ओळखतात. त्यातली निम्मी आता कुणाला मत देतात देव जाणे.

हो, आलंच ते. सध्या तिकडचं वारं फिरलंय हेही खरं. २०२५च्या मे महिन्यात विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांच्या नव्या व्हिसा मुलाखती थांबवल्या, जूनमध्ये चालू केल्या त्या 'सोशल मीडिया उघडं ठेवा' या अटीवर. त्याच जूनमध्ये फुलब्राइट मंडळाच्या बारापैकी अकरा सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांचं म्हणणं, निवडलेली नावं प्रशासन राजकारणासाठी कापतंय. आमच्या या मुलीनं गेल्या महिन्यात फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट एकेक करून वाचल्या, कशात काय निघेल या भीतीनं. निघालं काय, तर भाच्याचं बारसं आणि कांद्याचा भाव. तेव्हा अमेरिकेची आरती ओवाळायला मी बसलेले नाही.

पण माझा राग आज तिकडच्यांवर नाहीये. लिहिता लिहिता लक्षात येतंय की साहेबांवरसुद्धा तितकासा राहिला नाही. त्यांनी जे गमतीत म्हटलं ते आम्ही सगळे तिला रोज न बोलता सांगतोच आहोत. परत कशाला येतेस?

कारण परत येऊन ती कुठं येणार? तिची नोकरीच नाही. तासांचे पैसे, तेही कधी येतील ते खरं नाही, आणि दर वर्षी नवी मुलाखत. कायम प्राध्यापकाला अभ्यास रजा तरी मागता येते, हिला रजा कसली? गेली की तास दुसऱ्याला. विभागात जागा रिकामी आहे, वर्षानुवर्षं रिकामी आहे, भरती निघणार निघणार म्हणून माझ्या निवृत्तीची वेळ आली. अमेरिकेचा नियम तिला सांगतो परत जा, आणि इथं आल्यावर आम्ही विचारणार, आलीस का?

ही आपली जुनी खोड आहे. १९१३ साली सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले. अट होती, परत येऊन बडोद्याची नोकरी करायची. आले ना ते १९१७ साली, शब्द पाळायला. आणि त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. राजानं पाठवलं, गावानं ठेवून घेतलं नाही. गौरीच्या आजोबांनी जे केलं तेच की.

आताही बघा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची जी परदेशी शिष्यवृत्ती आहे तिच्यात २०२२ साली अट घातली की भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवर संशोधन करायचं असेल तर पैसे नाहीत. का? तर म्हणे त्यासाठी बाहेर कशाला जायचं. अहो, आजीला विचारायला आयोवातून यावं लागलं होतं! २०२५ मध्ये तर १०६ जण निवडले आणि आधी पत्रं दिली ४० जणांना, बाकीच्यांना 'निधी असल्यास'. ओरड झाल्यावर सूत्रं हलली. प्रवेश घेऊन बसलेल्या पोरांनी ते दिवस कसे काढले असतील?

ही मुलगी ऊसतोडीवर संशोधन करतेय. तिचे आईवडील कोयत्याला जायचे, तीही लहानपणी पाचटात खेळलीय. कॅलिफोर्नियातल्या शेतांवर मेक्सिकोतून आलेल्या मजूर बायका कशा राहतात, त्यांची मुलं शाळेत कशी टिकतात, हे तिला बघायचंय आणि परत येऊन इथल्या कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर) त्याचं काय करता येईल ते लिहायचंय. आज सत्कारात तिला बोलायला दोन मिनिटं दिली होती. थायलंडला पाच.

तिला मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, "मॅडम, मला एकच सांगा, माझे तास कुणाला देणार?" बाकी काही नाही. कॅलिफोर्नियाचा आनंद नाही, भीती नाही, तासांची काळजी.

म्हणून सोमवारी प्राचार्यांकडे अर्ज देतेय. तिच्या वर्गांची वाटणी आम्ही विभागातले लोक आपसात करू, जादा मानधन नको, पण पुढच्या वर्षी तिचं नाव यादीत पहिलं राहील असं लेखी द्या. देतील का? बहुतेक नाही. 'नियमात बसत नाही' म्हणतील. तरी देणार. कॉलेजातले जे हे वाचतायत आणि आज हसले होते, त्यांच्या सह्या मला हव्यात. साडेदहाला स्टाफरूममध्ये आहे. ज्यांना यायचं नाही त्यांनी इथं खाली हात जोडलेल्या इमोजी टाकू नयेत, मी डिलीट करणार आहे.