मेटॅलिका, बंगळुरू आणि तो चिखल

एवढे पैसे घालवून गर्दीत उभं राहण्यापेक्षा घरी मोठ्या स्क्रीनवर कॉन्सर्ट बघावी असं एका लेखात वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या शोसाठी आम्ही पाच मित्र पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने बंगळुरूला गेलो होतो, ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. दोनच दिवस आधी गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झालेला, त्यामुळे पोटात गोळा, की इथेही तसंच झालं तर काय, कारण मेटॅलिका भारतात पहिल्यांदाच वाजवणार होती आणि आम्ही शाळेपासून याच दिवसाची वाट बघत होतो. पावसाने मैदानाचा नुसता चिखल झालेला, एका मित्राचा बूट त्यात रुतून बसला तो निघालाच नाही, पठ्ठ्या शेवटपर्यंत एका पायात मोजा घालून उड्या मारत होता.

आणि ड्रम्स सुरू झाले ना, तेव्हा आवाज कानाला नाही, आधी छातीला लागतो हो, अंगावरचा ओला टीशर्ट थरथरताना मी स्वतः बघितलाय. शेजारी शिलाँगहून आलेली पोरं होती, भाषा वेगळी पण शब्दन् शब्द पाठ, बँडचा गायक हेटफिल्ड याने माइक गर्दीकडे केला की सगळे एका सुरात. हे स्क्रीनवर कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी पाचही जणांचा घसा बसलेला, चहा मागायचा तर खुणेने. आता आम्ही तीन देशांत आहोत, पण ३० ऑक्टोबरला रात्री फोन होतोच.