वणंद आणि पालगड, मे महिन्यात

मे महिना आला की आमच्या दापोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही. हर्णैला मासळीच्या लिलावाची गर्दी, कर्द्याच्या पुळणीवर माणसंच माणसं, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची वाट भरलेली. घरोघर चाकरमानी आलेले, माळ्यावर आंब्याची अढी, अंगणात फणसाची साटं वाळताहेत. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण याच महिन्यात एक गोष्ट मला दरवर्षी टोचते, ती आज लिहिते.

आमच्या तालुक्याचे मोठे दिवस नेमके शाळा बंद असताना येतात. टिळकांची पुण्यतिथी १ ऑगस्टला, सावित्रीबाईंची जयंती ३ जानेवारीला, म्हणून मुलं भाषणं पाठ करतात, फोटोला हार घालतात. पण २७ मे, रमाबाई आंबेडकरांची पुण्यतिथी, आणि ११ जून, साने गुरुजींची? शाळा उघडते जूनच्या मध्यावर. तोवर दोन्ही तारखा निघून गेलेल्या असतात. महर्षी कर्वे मुरूडचे, जन्म १८ एप्रिल १८५८. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिकले; त्यांची जयंती ७ मे आणि पुण्यतिथी १८ एप्रिल, म्हणजे बरोबर कर्व्यांच्या वाढदिवशी. दोन भारतरत्नांची एकच तारीख, आणि ती वार्षिक परीक्षेच्या धांदलीत बुडते.

मला आज बोलायचंय ते २७ मे बद्दल.

रमाबाई आंबेडकरांचं माहेर वणंद. दापोलीच्या अगदी जवळ. वडील दाभोळ बंदरात मासळीच्या पाट्या वाहायचे. आईवडील लहानपणीच गेले आणि ही भावंडं नातेवाइकांबरोबर मुंबईला भायखळ्याला गेली. १९०६ साली लग्न झालं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री, बाजार उठल्यावर. पुढे बाबासाहेब आधी न्यूयॉर्कला, मग लंडनला शिकत होते तेव्हा मुंबईतला संसार या बाईने ओढला. पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंत वाचले. २७ मे १९३५ ला दादरच्या राजगृहात त्या वारल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला १९४० सालचा ग्रंथ बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला आहे. असा अभ्यासाचा, राजकारणाचा जाडजूड ग्रंथ, आणि सुरुवातीला बायकोचं घरातलं नाव. मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला.

लहानपणी आजोबांनी आम्हा भावंडांना पालगडला साने गुरुजींचं घर दाखवायला नेलं होतं. मुरूडला तर दर सुट्टीत जायचो. वणंदला कोणी नेलं नाही. घरात कोणी त्या गावाला वाईट बोलत होतं असं नव्हे. ते नावच कधी निघायचं नाही. मी वणंदला पहिल्यांदा गेले ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, भाचीने विचारलं म्हणून. "मावशी, रमाई इथल्याच ना गं? मग आपण कधीच का नाही गेलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर उत्तर होतं, पण ते तिच्यासमोर उच्चारायची लाज वाटली.

त्यानंतर मी वाचत गेले आणि एक धागा हाती लागला, तो मला कोणत्याच भाषणात ऐकायला मिळाला नव्हता. रमाबाईंना पंढरपूरला जायची फार इच्छा होती. बाबासाहेबांच्या चरित्रात हे येतं. विठोबाच्या दारात आपल्याला बाहेरच उभं राहावं लागेल, तिथे जाऊन करायचं काय, म्हणून बाबासाहेबांनी नकार दिला. ती इच्छा मनात घेऊनच त्या गेल्या.

आणि बारा वर्षांनी, पुन्हा मे महिन्यातच, १ मे १९४७ ला, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात एक माणूस उपोषणाला बसला. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं करा, एवढीच मागणी. त्याआधी काही महिने त्याने यासाठी सगळा महाराष्ट्र पालथा घातला होता. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिर खुलं झालं. तो माणूस पालगडचा. साने गुरुजी.

वणंद आणि पालगड, एकाच तालुक्यातली गावं. एका गावची लेक ज्या दाराशी पोचू शकली नाही, ते दार दुसऱ्या गावच्या लेकाने प्राण पणाला लावून उघडायला लावलं. दोघांची भेट झाली असेल असं मी म्हणत नाही. पण आमच्या मुलांना ही दोन गावं वेगवेगळ्या कप्प्यांत शिकवली जातात: रमाई "त्यांच्या" आणि गुरुजी "आपले". वणंदला स्मारकापाशी माणसं येतात, लांबून येतात. ज्यांनी लक्षात ठेवायचं ते ठेवताहेत. तिथे दिसत नाही तो उरलेला तालुका. आम्ही.

११ जूनचं तर आणखी अवघड. गुरुजी गेले ११ जून १९५० ला, वयाच्या पन्नाशीत. तोपर्यंत मृग लागलेला असतो, आगोटीची कामं उरकलेली, जो तो पेरणीच्या मागे आणि चाकरमानी परत मुंबईला. त्या दिवशी कोणाला सवड नसते, हे मला समजतं. पण १ ते १० मे? तेव्हा तर गावात घराघरात मुलं असतात. दुपारी उन्हामुळे बाहेर सोडत नाही म्हणून मोबाईल घेऊन ओटीवर लोळत असतात. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात त्यांना गोळा करून ते दहा दिवस सांगायला काय खर्च येतो? हार नको, पाहुणे नकोत, माईकही नको. एखादी आजी आणि तिचा आवाज पुरे.

आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना विनंती. किनारा बघाच, सोलकढी प्याच, पण चार दिवसांतली एक सकाळ वणंदला आणि एक दुपार पालगडला द्या. मुलांना दोन्हीकडे न्या. एकीकडेच नेऊ नका.

या २७ मे ला मी आणि भाची सकाळी सातला वणंदला निघणार आहोत. ऊन चढायच्या आत तिथून पालगडला. आमच्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. दापोलीत असाल आणि यायचं असेल तर खाली लिहा. लहान मुलं असतील तर आधी त्यांना घेईन.